काळ्या बैलावरचे पांढरे ठिपके

नव्वदच्या दशकातला हा प्रवास. निमगाव केतकीकडच्या शिवातात्यांना छकड्याच्या शर्यतीत वर्षानुवर्षं कुणी हरवलं नव्हतं. आमचे आबाही त्यांच्याकडून हरले आणि तेव्हापासून घरात एकच पालुपद, "त्यो काठीला खिळा लावून बैलाला टोचतोय. न्हायतर माझा सरजा हरला असता व्हय?"

सरजा काळाभोर, मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, मात्र पांढरे ठिपके. आबा म्हणायचे, चांदण्या घेऊनच जन्मलाय. मी पुण्याला नोकरीला. सुट्टीत आलो की त्या मोजायचो, दरवेळी आकडा वेगळाच यायचा. त्या सुट्टीत मी ठरवलं, जाऊन तात्यांची लबाडी पकडायची आणि आबांचा शब्द खरा करायचा.

बारामती स्टँडवरून इंदापूर गाडी धरली. जाणार असाल तर सकाळचीच धरा, नंतर उभं राहून पाय मोडतात. निमगावात भजी झकास, चहा पाणचट. टपरीवाला म्हणाला, "तात्या देवमाणूस हाय. बैलाला कधी चाबूक न्हाय लावला." पुढं दोघांना विचारलं, तेही पढवल्यासारखं तेच बोलले. माझा संशय दुणावला. देवळात तात्यांच्या ढाली टांगलेल्या होत्या, त्याही मला खोट्याच वाटल्या.

तात्या कालव्यावर त्यांचा म्हातारा काळा बैल धूत होते. बैल विकत घ्यायचाय, अशी मी थाप मारली.

"चाबूक कुठं ठेवलाय, तात्या?"

"न्हाय आपल्याकडं."

"मग पळवता कसा?"

"नावानं हाक मारायची. त्याच्या मनात असंल तर पळतंय."

या थापा दुसऱ्याला मारा, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते तात्यांना कळलं असावं. त्यांनी माझा हात धरून बैलाच्या ओल्या पुठ्ठ्यावर ठेवला.

"बघा की चाचपून. काळ्या कातड्यात खिळा घुसला, की जखम भरल्यावर तितं पांढरं क्यास येत्यात. कुणाला लपवता येत न्हाय."

एकही पांढरा केस नव्हता. बैल निवांत रवंथ करत उभा होता.

"तुमी कुठलं म्हणालासा?"

मी दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. फार लाज वाटत होती.

घरी आबा गोठ्यातच वाट बघत होते. "काय, सापडला का खिळा?"

मी सरजाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. त्यानं दचकून अंग चोरलं.

"सापडला, आबा."

कुठं, असं आबांनी विचारलं नाही.