अंबुबाईंचं पोट आणि फियाटचा दांडा

अंबुबाईंना गाडी लागायची. तशी ती पुष्कळांना लागते, पण अंबुबाईंची कीर्ती बनशंकरीतल्या साऱ्या गणगोतात पसरली होती. लग्नाच्या बसमध्ये त्या चढल्या की शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. "हिचं पोटच नाजूक हो," असं त्यांचे यजमान रघुजी चारचौघांत सांगायचे, आणि ऐकून ऐकून अंबुबाईंनाही ते पटलं होतं.

एकुलती एक लेक दिव्यश्री मडिकेरीला दिली, तेव्हा तिला सासरी पोचवायला त्या निघाल्या होत्या. कुशालनगर मागे पडलं, घाट सुरू झाला आणि घरची जुनी फियाट वळणावळणाला अशी कलंडायला लागली की अंबुबाई मुठीत लिंबू धरून, पाठवणीला आलेल्या भावाबरोबर अर्ध्या वाटेतून परत आल्या. लेकीचं घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात नक्की येते," असं दर वेळी सांगायच्या आणि दर वेळी काहीतरी निमित्त काढायच्या.

आता दिव्यश्रीला सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला आईनं स्वतः जाऊन ओटी भरायची आणि लेकीला माहेरी आणायचं, ही त्यांच्यातली रीत. आई गेली नाही तर बाळंतपण सासरीच. फोनवर दिव्यश्री एवढंच म्हणाली, "जमलं तर ये, अम्मा. नाही जमलं तरी असू दे." त्या 'असू दे'नं अंबुबाईंच्या काळजाला घरं पडली.

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या. तिथला त्रिविक्रम रॅलीच्या गाड्या तयार करायचा, त्यामुळे गल्लीतली वडीलधारी मंडळी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत.

"वळणावर गाडी कलंडू नये असं काही करता येतं का रे?"

त्रिविक्रम हसला नाही. त्यानं त्यांना त्यांच्याच फियाटच्या मागच्या सीटवर बसवलं, एक चक्कर मारून आणली आणि गाडीखाली शिरला. "अक्का, तुमच्या पोटाला उगीच बोल लावतात. खालची रबरं झिजून मेलीत, आणि घाटाला हा स्टॅबिलायझर बारीक पडतो."

स्टॅबिलायझर म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की तो तिला सावरून धरतो. दांडा जाड, तर झुकणं कमी.

एवढं ऐकलं आणि रघुजींच्या अंगात आलं. कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस, हलकं म्हणून काही ठाऊकच नाही. त्यांनी केलेला पलंग हलवायला चार माणसं लागायची आणि फाटक उघडायला पोस्टमनला दोन्ही हात. "घालायचा तर सगळ्यात जाड घाल," ते म्हणाले. त्रिविक्रमनं "स्वल्प विचार करा" म्हणून पाहिलं, पण वडीलधाऱ्या माणसापुढे तो किती बोलणार?

जाड दांडा बसला. नव्यानं होत असलेल्या रिंग रोडवर रघुजींनी भरधाव वळण घेतलं आणि गाडी जमिनीला चिकटल्यासारखी वळली. अंबुबाईंनी डोळे उघडले. पोट जागच्या जागी होतं. त्यांना हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

पण गाडी आपल्या गल्लीत वळली मात्र, एक चाक खड्ड्यात गेलं आणि अख्खी गाडी दाणकन हादरली. पुढच्या खड्ड्यात तेच. घर येईपर्यंत अंबुबाईंचं तोंड पांढरं पडलं होतं.

"वळणावर छान आहे," गॅरेजात बसून पाणी पीत त्या म्हणाल्या. "पण खड्ड्यात एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला होतंय. पोटुशी पोर या गाडीत कशी आणायची?"

"तेच तर. दांडा फार ताठ झाला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात," त्रिविक्रम म्हणाला. "मधल्या जाडीचा घालू या, अप्पा?"

रघुजींनी त्या जाड दांड्याकडे पाहिलं. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "सरी, बरंय," ते पुटपुटले. "हिचं पोट म्हणेल तसं कर." बायकोच्या पोटाबद्दल ते जन्मात पहिल्यांदाच काही बरं बोलले.

मधल्या जाडीचा दांडा आणि नवी रबरं बसली. दर चकरेला त्रिविक्रम आरशातून अंबुबाईंना विचारी, "आता कसं वाटतं, अक्का?" आणि त्या डोळे मिटून, नीट विचार करून सांगत. ज्या पोटाला सगळे हसले त्याला आज कुणी मत विचारत होतं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. तिथल्या तिथे त्यांनी निघायचा दिवस ठरवला आणि लेकीला फोन केला.

घाटात त्यांनी मुठीत लिंबू धरलं ते सवयीनं. गाडी वळणं घेत गेली, कॉफीची झाडं मागे पडत गेली आणि पोटाची आठवण त्यांना झाली ती मडिकेरीत, लिंबू हुंगायचंच राहिलं हे ध्यानात आलं तेव्हा.

दिव्यश्री दारात आली. आईला पाहून ती जागच्या जागी थिजली. मग धावत येऊन गळ्यात पडली.

अंबुबाईंनी तिची ओटी भरली, बोटं मोडून दृष्ट काढली. "चल, तुझी बॅग कुठाय? उजेडात घाट उतरू."

दिव्यश्रीनं मान खाली घातली. "भरली नाही, अम्मा. तू येशीलसं वाटलंच नव्हतं."

अंबुबाईंनी लिंबू लेकीच्या हातात ठेवलं, तिला पलंगावर बसवलं, पदर खोचला आणि कपाट उघडून तिच्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.