केबल काढल्यावर उघडलेला फोटो

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. मशीन बिघडलं तर कारण असतंच, बाहेरचं-बिहेरचं काही नसतं, असं बायकोशी भांडून सांगायचो. तरी हे लिहितोय...

लातूरला एका कोचिंग क्लासच्या खाली माझा नेट कॅफे होता. बायकोची थोरली बहीण, सुलूअक्का, निलंग्याहून मुलीच्या अॅडमिशनसाठी आली होती. क्लासचं पान उघडता उघडेना. ब्राउझर पाहिलेल्या पानांच्या प्रती हार्ड डिस्कवर ठेवतो — तिला कॅश म्हणतात. माझी डिस्क इतकी जुनी, की ती प्रत वाचण्यापेक्षा नेटवरून पान लवकर यावं. दोष डिस्कचा की नेटचा हे बघायला मी कॅश पुसली, अन् ती खरंच पुसली गेली का ते बघायला नेटची केबल काढून पान पुन्हा उघडलं. आता काहीच यायला नको होतं.

डिस्क करकरली. वरून खाली, पट्टी-पट्टीनं एक फोटो उतरू लागला... पत्र्याचं दार, उंबऱ्यात म्हातारी, पांढरे केस, गालावर भाजल्याचा डाग.

अक्का ताडकन उठली. "दाजी, ही आमची आई हाय!"

दोघी बहिणींची आई माझ्या लग्नाआधीच, त्र्याण्णवच्या भूकंपात गेली होती. घर गाडलं गेलं, फोटो एकही उरला नव्हता.

मला कॅफेतल्या माझ्या पार्टनरचा संशय आला. "तू टाकलास का रे हा?" तो शपथेवर नाही म्हणाला. मग — खोटं कशाला बोलू — अक्काचाच आला. पण फोटोच नाही तर ती आणणार कुठून? तेवढ्यात स्क्रीन कोरी झाली. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फाईल न फाईल पाहिली. काही नाही.

"सारखी दिसणारी बाई असेल, अक्का."

"तो डाग मी वळखत न्हाई व्हय? त्याच्यावर हात ठेवून झोपायची मी." ती जरा थांबली. "मलब्यातनं काढलेली माणसं वळखू येईनात म्हणून एकत्रच जाळली. आईला मेलेलं कुणीच बघितलं नव्हतं, दाजी. अन् तवा तिचा एक केस पिकला नव्हता... मेलेल्या माणसाचे केस पिकतात व्हय?"



डिस्क हळू का चालायची, ते मी आजही सांगू शकतो. फोटोचं नाही. अक्का दर पितृपंधरवड्यात आईच्या नावानं ताट वाढायची. त्या वर्षापासून तिनं ते बंद केलं.