नऊ इंच जास्तीचा ॲक्सल

चाकाचा शोध थोर खराच, पण मानवजातीला पुढे नेलं ते दोन चाकं जोडणाऱ्या ॲक्सलने. हा विचार माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. ते भूमितीचे निवृत्त शिक्षक. कसब्यातल्या घराच्या अंगणात तीन वर्षं खपून त्यांनी एक होडी बांधली. ती रविवारी खडकवासल्याच्या पाण्यात उतरणार, असं अख्ख्या गल्लीला सांगून झालं, आणि बुधवारी होडी चढवताच जुन्या ट्रेलरचा ॲक्सल वाकला.

आम्ही दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेलो.

“जुना ॲक्सल आणलात?” दुकानदाराने विचारलं.

“गरज नाही. माप मी काढलंय,” भाऊजी म्हणाले. “जुन्यापेक्षा नऊ इंच लांब हवा. रुंद ट्रेलर डोलत नाही.”

“होडीच ना? ती डोलायचीच.”

“पाण्यात. रस्त्यावर नाही.”

“मग जस्ताचा मुलामा दिलेला घ्या. खाऱ्या पाण्याला टिकतो.”

“खडकवासल्याला?”

“नाही, तयारी कोकणाची दिसली म्हणून म्हटलं.”

होडीचं वजन, चाकांचा व्यास, धरणाकाठच्या उताराचा कोन, सगळं भाऊजींच्या वहीत होतं. ॲक्सल खरोखरच चोख निवडला गेला. शनिवारी वेल्डरने तो बसवला. रविवारी सकाळी ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि देवळाचा चौथरा व विजेचा खांब यांच्यामध्ये अडला.

“अहो, गल्ली मोजली होती का?” बहिणीने खिडकीतून विचारलं.

भाऊजींनी वही चाळली. गल्ली वहीत नव्हती.

“सर, चौथरा पाडायचा की खांब?” समोरच्या शिंप्याने विचारलं. मग स्वतःच बाह्या सरसावल्या. “उचला. खांद्यावर मात्र नको, लोक टोप्या काढतील.”

आठ जणांनी होडी हातांवर घेतली आणि मंडईपर्यंत नेली. तिथे भाजी उतरवून परतणारा टेम्पोवाला म्हणाला, “आमचं गाव तिकडंच हाय, चढवा.”

दुपारी होडी तरंगली. आत थेंबही आला नाही. पहिला मान बहिणीचा, मग शिंप्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे पाळीपाळीने बसले. भाऊजी वल्ही मारताना गात होते. सूर लागत नव्हता, पण कोणी तसं बोललं नाही. पुण्यात याला प्रेम म्हणतात.

ट्रेलर अजून अंगणात आहे. त्यावर फळी टाकून आम्ही चहा पितो. तो अजिबात डोलत नाही.