पुढे दिलेलं ताट

म्हात्रेवहिनींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. शहाडला माझ्या भावाच्या शेजारी त्या तीस वर्षं राहतात, हल्ली त्याचं दुखणंखुपणंही त्याच बघायच्या. "बाय, लगेच ये. दादा ओ देत नाय." मी म्हटलं, "झोपला असेल हो, सकाळचं औषध घेतलं की त्याला गुंगी येते." "बाय, तू ये फक्त," त्या म्हणाल्या, आणि मग मला कळलं... गॅस बंद केला की नाही हे मला आजही आठवत नाही. कोलशेतहून गाडी घोडबंदर रोडला लागेपर्यंतच अर्धा तास गेला, आणि त्या रांगेत बसून मी एकच गोष्ट घोकत होते. गुरुवारी मी त्याच्या घरून चिडून निघाले होते, आणि आज शनिवार होता. दादाला जाऊन आता सात आठवडे झाले. का चिडले होते ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

माझा भाऊ शांतवन साळवे. मी त्याची धाकटी बहीण एस्तेर, त्याच्या तोंडी एस्तू. आमचे वडील नगरकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत शिकवायचे. दादा आयटीआय करून इकडे आला आणि संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात लागला. मला पुढे शिकवलं त्यानेच. तोफगोळ्यांची पोलादी कवचं तिथे तयार व्हायची, आणि ती मापात आहेत की नाहीत हे तपासणं त्याचं काम. त्याच्याकडे एक छोटा शिक्का होता, त्याच्या स्वतःच्या नंबरचा. कवच मापात बसलं की त्यावर शिक्का ठेवायचा आणि हातोडीचा एक ठोका द्यायचा. तो ठोका पडला तरच कवच पुढे जायचं. हाताखालचे लोक त्याला वचकून असत, कारण केसभर फरक असला तरी तो माल परत पाठवायचा, मग साहेब येऊन डोक्यावर उभा राहो. घरीही तेच. नाताळच्या करंज्या तळून झाल्या की हा चाळिशी लावून समोर बसायचा, "ही पास. ही पास. ही रिजेक्ट." आणि रिजेक्ट झालेल्या सगळ्या स्वतःच खायचा. मी म्हणायचे, "दादा, तुझ्या पोटासाठी माझ्या करंज्या वाकड्या ठरवतोस होय रे!" वहिनी होती तोवर तीही हसायची. ती लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मग माझा संदेश हाच त्याचा मुलगा झाला.

संदेश तिसरीत असताना सीमेवर लढाई पेटली. दादाच्या कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झालं आणि दादा दोन-दोन पाळ्या करायला लागला. लढाई थांबली, तेव्हा आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, दादाला पुढे बोलावलं, अंगावर शाल घातली, मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी तर अभिमानाने रडले. दादा शाल घेऊन जागेवर आला, तिची नीट घडी केली आणि बाकावर बाजूला ठेवून दिली. जाताना ती तिथेच विसरला. निदान मला तेव्हा ते विसरणं वाटलं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पावाचे छोटे तुकडे एका ताटात फिरवतात, मागून द्राक्षारसाचे इवलेसे पेले येतात. प्रत्येकाने एक तुकडा घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याला द्यायचं. पण त्याआधी ज्याने त्याने आपलं मन तपासायचं असतं. आम्ही बहुतेकजण ते डोळे मिटून अर्ध्या मिनिटात उरकतो. शाल घातली त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी ताट दादाकडे आलं. त्याने दोन्ही तळवे खालून लावून ते धरलं, क्षणभर पाहिलं आणि न घेता माझ्याकडे दिलं. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

मंडळी आमची असली तरी माणसंच. प्रभुभोजन न घेणाऱ्याच्या मनात काहीतरी पाप आहे, एवढंच लोकांना कळतं. कुणी म्हणालं बाटली असेल, कुणी म्हणालं बाई असेल. बायको नसलेल्या माणसाबद्दल असं बोलायला काय लागतं? लाज वाटते सांगायला, पण मलाही तसंच वाटलं. मी शहाडला जाऊन त्याला सरळ विचारलं, "कोण आहे ती?" तो आधी बघतच राहिला. मग हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. "एस्तू, माझ्या शिक्क्याने गेलेले गोळे कुठेतरी पडले असतील ना गं? खाली कुणीतरी असेलच की. शत्रूवर प्रीती करा म्हणणाऱ्याच्या ताटात मी हात कसा घालू?" मी म्हटलं, "मग सोड ती नोकरी." तो म्हणाला, "सोडली तर माझ्या जागी कोण येईल? नीट न बघणारा आला, तर खराब गोळा तोफेतच फुटतो. आपलीच पोरं मरतात. नीट बघावं तरी कुणाचं तरी पोर, न बघावं तरी कुणाचं तरी पोर."

पाळकसाहेबांनीही समजावलं. प्रभूने त्या रोमी शताधिपतीच्या, शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याच्या, विश्वासाची वाखाणणी केली, त्याला सैन्य सोड म्हटलं नाही, असं ते म्हणाले. दादाने सगळं ऐकून घेतलं. "खरं आहे, साहेब. पण त्याच प्रभूने स्वतःच्या शिष्याला तलवार म्यानात घालायला लावली. दोन्ही खरं आहे, तर मी कुठे उभा राहू तेवढं सांगा." ते साहेब बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले. दादा दर रविवारी चर्चला यायचा, खड्या आवाजात गाणी म्हणायचा, आजाऱ्यांना भेटायचा, आणि पहिल्या रविवारी ताट पुढे द्यायचा. नेहमी दोन्ही हातांनी. "एवढंसं तर ताट," मी चिडवायचे, "परात उचलल्यासारखं काय धरतोस?" मला त्याची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते, हे काही चांगलं नाही.

संदेश सैन्यात भरती झाला आणि नेमका तोफखान्यात गेला. मी पेढे घेऊन दादाकडे गेले. दादाने संदेशच्या डोक्यावर हात ठेवला, पण प्रार्थना काही म्हटली नाही. "परत ये," एवढंच म्हणाला. माझं डोकंच फिरलं. संदेश बाहेर गेल्यावर मी तोंड सोडलं, "तू गोळे पास केलेस ते चाललं, आणि माझ्या पोराने उडवले तर ते पाप?" तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय गं मी." पुढे आठ महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. चर्चमध्ये शेजारी बसायचे, ताट घ्यायचे, पण त्याच्याकडे बघायचे नाही.

मागच्या वर्षी सीमेवर पुन्हा गोळाबारी झाली. त्यानंतर संदेश सुट्टीवर आला तो गप्पगप्पच. एक पूर्ण दुपार मामाजवळ बसून होता. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, तेव्हा कानावर पडलं. "मामा, मी प्रत्येक गोळ्यावर तुझा नंबर शोधायचो." "मिळाला?" "रंगाखाली काही दिसत नाही." मग दादा म्हणाला, "शोधत जाऊ नको रे बाळा." चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी होते.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. दादाने ताट संदेशकडे दिलं आणि संदेशने काही न घेता ते माझ्याकडे दिलं. दादाचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं लोकांनी काय काय म्हटलं, पण तो चेहरा असा कधी पडला नव्हता. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "एस्तू, त्याने माझं बघून केलं गं. माझी गोष्ट माझ्यापाशी राहायला हवी होती." तिथून तो खचलाच. छातीचं दुखणं होतंच, ते वाढलं.

तर तो गुरुवार. डॉक्टरांनी आशा सोडली होती, म्हणून आताचे पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षारस घेऊन घरी आले. आमच्या मुलाच्या वयाचा माणूस, पण त्यांनी काही वाद घातला नाही. पलंगाशी गुडघे टेकले आणि म्हणाले, "काका, हे ताट चांगल्या माणसांसाठी नसतंच मुळी. भुकेल्यांसाठी असतं." दादाचा हात खरंच उचलला गेला. मी बघितला... तुकड्यापासून चार बोटांवर होता. मग तो थांबला. "संदेशने घेतली का भाकर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तो चौकीवर आहे दादा, तिथे फोन लागत नाही." "मग आधी त्याला विचार. तो घेतो म्हणाला की मी घेतो. पोराला बाहेर उभं करून मी आत जेवायला बसू?" मी दहा वेळा फोन लावला. लागला नाही. शेवटी त्याच्या युनिटमध्ये 'घरी फोन कर' एवढा निरोप ठेवला. पाळकसाहेब ओल्या डोळ्यांनी उठले, आणि मी त्या मरणाऱ्या माणसावर ओरडले, "तुझा हट्ट घेऊन बस!" आणि चप्पल पायात घालून निघाले.

संदेशचा फोन रविवारी आला. तोवर दफन झालं होतं.

तो आला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्याच बाकावर बसलो. तो मामाच्या जागेवर बसला, मी त्याच्या शेजारी. ताट त्याच्या हातात आलं तसा तो थांबला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "आई, मामाने शेवटी घेतली होती का गं?" मी शिक्षकाची मुलगी, स्वतः एकतीस वर्षं शिकवलं, खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं. मी म्हटलं, "हो. घेतली." त्याने माझ्याकडे बघितलं. मग एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि मान खाली घालून रडला. लहान असताना मामाच्या मांडीवर रडायचा, अगदी तसाच.

संदेश, हे तू वाचशीलच. ज्या पेपरच्या पुरवणीत हे छापून येईल ती तिथे येत नसली तरी कुणीतरी फोटो काढून पाठवेल. मामाने घेतली नव्हती. तो तुझ्यासाठी थांबला होता. चर्चमध्ये बसून खोटं बोलल्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही, कारण तू जेवलास. पण ज्या माणसाने जन्मात एक खोटा शिक्का मारला नाही, त्याच्या नावावर माझा खोटा शिक्का मला ठेववत नाही. आता तुला कळलं. पुढच्या वेळी ताट आलं की काय करायचं ते तुझं तू ठरव. पण एवढं लक्षात ठेव, तू 'घेतो' म्हटलं असतंस तर तो घेणार होता. त्याचा हात उचलला होता, मी पाहिलाय.

त्या रविवारी संदेशने ताट माझ्याकडे दिलं. मी डोळे मिटले. नेहमीचं अर्धं मिनिट पुरेना. आठ महिन्यांचा अबोला आठवला, "कोण आहे ती" आठवलं, पायात घातलेली चप्पल आठवली. मी तुकडा न घेता ताट शेजारच्या बाईंकडे दिलं. परवाच्या पहिल्या रविवारीही तेच झालं. संदेश आता चौकीवर परत गेलाय, त्याने पाहिलं नाही, बरं झालं. ताट स्टीलचं आहे, चांगलं हलकं. पण माझे दोन्ही तळवे आपसूक त्याच्याखाली गेले.