नववीची यादी

माझ्या नवऱ्याला महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून मी नागपूर सोडलं, आणि पोलादपूरच्या एका हायस्कुलात इंग्रजीची जागा दोन वर्षं रिकामी होती म्हणून मला घेतलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. सगळे मला 'नागपूरच्या बाई' म्हणत. माझं नाव हजेरीपटापुरतंच होतं.

इंग्रजी बोलणारा पाहुणा कोणी आला, शाळेत तपासणी आली, की मला पुढे करायचे. एरवी माझं मत कोणी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की गणिताचे सर म्हणायचे, "बाई, आमच्या पोरांच्या जिभेवर सुकट बसलीय. तुमचं इंग्रजी बसायचं कुठं?" मी हसायचे आणि माझ्या पोळ्या खायचे. त्या सुक्या मासळीचा वास मला सोसत नसे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर डबा मुद्दाम माझ्या शेजारी उघडायचे.

दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीतच कच्ची मुलं अडवायची, ही तिथली रीत. एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांनी माझ्याकडे इंग्रजीत नापास होणाऱ्यांची यादी मागितली. मी दोन दिवस बसून पेपर पुन्हा तपासले आणि बारा नावं दिली. त्यात एक मुलगी होती, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीतून तासभर चालत येणारी. शंभरात एकतीस. चार मार्क वाढवणं मला अवघड नव्हतं, पण ते मी कधी केलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता.

बारा घरी पत्रं गेली : पालकांनी शाळेत येऊन भेटावे. तिची आई आली तेव्हा मी व्हरांड्यातच होते. मुख्याध्यापकांचं दार पाच पावलांवर.

"बाई, बोलावलंय म्हून आलेय. तिचा बा शिमग्याला येऊन गेला, आता गणपतीलाच येल. मी आले तर चालंल ना?"

"भेटून काय होणार आहे? मार्क कमी पडलेत. पुन्हा नववी केली तर पाया पक्का होईल."

"तिचा बा म्हणलाय, नापास झाली तर मुंबईला मामाकडं धाडायची. परत नववी नाय."

"त्यांना समजावून सांगा."

"माझं ऐकतोय व्हय तो!" तिनं त्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तर जाते." आणि गेली. बाईला उगाच आणखी एका दारात ताटकळत ठेवलं नाही, असं मला वाटलं.

मी मार्क भरून सही केली तेव्हा पत्रकातला पास-नापासचा रकाना कोरा होता. निकालाच्या दिवशी त्यात बारापैकी चारच नापास दिसले. बावीस मार्कांचा मुलगा पास होता. ती नापास होती. मी पत्रक घेऊन तशीच मुख्याध्यापकांकडे गेले.

"बाई, यादी म्हणजे बोलावण्याचं निमित्त असतं," ते शांतपणे म्हणाले. "घरचे येतात, वर्षभर लक्ष देतो म्हणतात, की नाव काढायचं. तिच्या घरचं कोणी आलंच नाही."

"आई आली होती."

"मग माझ्यापर्यंत का नाही आली?"

"मी परत पाठवली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग आता काय करायचं? पत्रकावर सह्या झाल्या. पहिली तुमचीच आहे."

मला हे कोणी आधी का सांगितलं नाही, असं मी स्टाफरूममध्ये विचारलं. गणिताचे सर म्हणाले, "यात सांगायचं काय, बाई? सगळ्यांना माहीत असतं." खोटं नव्हतं ते. तिच्या आईलाही माहीत असावं, म्हणून तर ती उन्हातून आली होती. न कळलेली मी एकटी, आणि तिनं विचारलं ते नेमकं मला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याच वाडीतल्या दुसऱ्या मुलीला मी तिच्याबद्दल विचारलं. "ती नाय येणार, बाई. मामाचं पोर सांभाळते मुंबईला," ती म्हणाली आणि वही काढून बसली.

पुढच्या एप्रिलमध्ये मी नऊ नावं दिली. देण्याआधी वर्गात बजावलं होतं : पत्र आलं की बाप नसला तर आई, आई नसली तर आजी, पण कोणीतरी यायचं आणि सरळ मोठ्या सरांच्या खोलीत जायचं, वाटेत कोणाशी बोलायचं नाही. माझ्याशीही नाही. नऊच्या नऊ घरची माणसं आली. नऊही नावं कटली, अठरा मार्कांचं धरून.

"आता बाई पोलादपूरच्या झाल्या," मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये कौतुकानं म्हणाले. सगळे हसले. गणिताच्या सरांनी डबा माझ्याकडे सरकवला, आणि मी सुकट घेतली.