दहावा हिस्सा, विसावा हिस्सा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी देवपूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. माझ्या आणि शेजारच्या वर्गात भिंत नव्हती, नुसता बांबूचा तट्ट्या होता. त्या वर्षी पलीकडे रावेरहून नव्या बाई आल्या. मुसलमान घरातल्या, माझ्यापेक्षा लहान, आवाज अगदी हळू. तरी त्यांचा तास सुरू झाला की माझ्या मुलींचे कान तिकडे लागायचे.

एके दिवशी मी नळानं हौद भरायचं गणित घातलं होतं. पलीकडे बाई सांगत होत्या, "आमच्याकडे पीक घरात आलं की गरिबांचा वाटा आधी काढतात. नुसत्या पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा. विहिरीचं पाणी ओढून वाढवलं तर विसावा, कारण त्यात कष्ट जास्त."

पलीकडची एक मुलगी उठली. "बाई, आमनी जवारीले आर्धं पानी देवनं, आर्धं हिरनं शे. मंग कितला?"

बाई हसल्या. "छान विचारलंस. अर्धा पाऊस, अर्धी विहीर. तूच सांग. कुणीही सांगा."

तिकडे आकडेमोडीची कुजबुज सुरू झाली. आणि माझ्या वर्गातली, वर्षभर माझ्यापुढे तोंड न उघडलेली एक मुलगी ताडकन उभी राहिली आणि तट्ट्याकडे तोंड करून ओरडली, "दहाव्याचं अर्धं आन् विसाव्याचं अर्धं! चाळिसातले तीन!"

पलीकडे टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फळ्यावरचा हौद अर्धाच राहिला.

मधल्या सुट्टीत बाई मुद्दाम माझ्याकडे आल्या. "अक्का, तुमच्या मुलींचे अपूर्णांक किती पक्के आहेत! माझ्या वर्गात एकीलाही जमलं नाही."

त्या मनापासून बोलत होत्या, तेच मला सोसेना. खोटं बोलल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं. "हं," एवढंच म्हणून मी डबा उघडला.

पुढे त्यांनीच सुचवलं, की आठवड्यातून एकदा तट्ट्या बाजूला सारून तास एकत्र घेऊ. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मीही मग मोटेची, केळीच्या घडांची गणितं रचू लागले. मुली सोडवायच्या, हसायच्याही. पण हात वर करताना बघायच्या मात्र बाईंकडे.

दोन वर्षांनी लग्न होऊन बाई जळगावला गेल्या आणि तिथल्या शाळेत लागल्या. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या. मी डोळे कोरडे ठेवले. घरी येऊन चहा टाकला, तेव्हा कळलं, की आता मला जळगावच्या मुलींचा हेवा वाटतोय.