खालून चढणारं पाणी

आमच्या सणसर गावच्या उसात समुद्र शोधायला तीन शिकलेली माणसं आली, तेव्हा मी बारामतीच्या कॉलेजात होते. एकाचा विषय माती आणि झाडं, दुसऱ्याचा समाज आणि तिसऱ्या बाईंचा समुद्र. तिघांनी मिळून माणसाचं निसर्गाशी आणि समुद्राशी नातं काय, याचा अभ्यास काढला होता. आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरतात, कोकणातल्या भाताच्या शेतांत मेंढरं बसवतात, लेंडीचं खत देऊन भात घेतात आणि पावसाच्या आधी परततात, एवढं त्यांना ठाऊक होतं. आमच्या सरांनी मला त्यांच्याबरोबर लावून दिलं, कारण मी मेंढपाळाच्या घरातली आणि पुस्तकी भाषाही बोलणारी. दुभाषी म्हणून मी बरी होते. बाकी त्या कामावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

वस्त्या-वस्त्यांवर ते एकच प्रश्न विचारायचे, "समुद्राबद्दल तुम्हाला काय वाटतं?" लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग एकमेकांकडे. एका म्हाताऱ्या तात्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "खारट हाय." समाजवाल्या सरांनी ते मन लावून टिपून घेतलं. मी तोंडावर पदर धरून हसले. पण आमच्या स्वतःच्या वस्तीकडे मी त्यांना नेत नव्हते. आज रस्ता खराब आहे, उद्या लग्न आहे, अशी कारणं देत होते. आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारायचा नव्हता.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, समुद्राकडे गेले ते परत आले नव्हते.

पूर्वी आमची मेंढरं घाटाच्या पायथ्याच्याच गावांत बसायची. पुढे इकडे ऊस वाढत गेला, चराई गेली, बांधावर मेंढरू दिसलं तरी लोक काठी घेऊन धावायला लागले. दिवाळीची वाट न बघताच सगळे कळप खाली उतरू लागले आणि पायथ्याच्या गावांत गर्दी झाली. त्या वर्षी आबांना जुन्या शेतांवर जागा मिळाली नाही. कुणीतरी सांगितलं, खाडीच्या पलीकडे शेतं मोकळी आहेत. मी तेव्हा शाळेसाठी चुलत्यांकडे राहत होते. पुढचं सगळं आईनं सांगितलेलं, तेही एकदाच.

ते पहिल्यांदाच खाडीवर पोचले होते. आबांनी आमच्याकडच्या रीतीनं पाणी पारखलं. नीरा नदी उतरायची तर काय बघायचं, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं: वर आभाळ कसं आहे, पाणी गढूळ झालंय का, काटक्या-पाचोळा वाहून येतोय का. आभाळ स्वच्छ होतं. पाणी नितळ होतं आणि गुडघ्याच्याही खाली होतं. काठावरचा एक माणूस म्हणाला, भरतीची वेळ होत आली, थांबा. आबा हसून म्हणाले, "पावसाशिवाय कुठलं पाणी चढतंय?" आयुष्यभर नदीच बघितलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. आई बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन पुढे गेली. तिच्या पाठोपाठ मोठी मेंढरं गेली. कोकरं मागे राहिली म्हणून आबा पुन्हा अलीकडे वळले, आणि पाणी आलं. वरून नाही, खालून आलं, आवाज न करता. त्यांचे पाय चिखलात रुतलेले होते. आईला ते छातीपर्यंत दिसले, नंतर दिसले नाहीत.

होडीवाल्यांनी शोधलं, बरोबरच्या बिऱ्हाडातले पुरुष शोधायला मागे राहिले. पण मेंढरं उपाशी ठेवता येत नाहीत. आईला त्याच दिवशी कळपाबरोबर पुढच्या शेतांवर पाठवलं. उन्हाळ्याच्या शेवटी ती घरी आली, ती कपाळावर ठसठशीत कुंकू लावून.

"त्येनी मेलं न्हाईत," ती म्हणाली. चुलत्यांनी समजावलं, भावकीनं समजावलं. आईचा हिशेब साधा होता. नीरेत बुडालेला माणूस नदी ठेवून घेत नाही. चार दिवसांनी का होईना, कुठल्यातरी वळणावर वर देते. आबांना पाण्यानं दिलं नव्हतं, म्हणजे ते त्यात नव्हतेच. कुठंतरी बाहेर पडले असतील, डोक्याला मार लागून गाव विसरले असतील. आमच्यात ज्याचा देह सापडत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. चुलते दर वर्षी तो विषय काढायचे आणि आई दर वर्षी ताटावरून उठायची. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, या पेचात पडायच्या आणि शेवटी बोलवायच्याच नाहीत. मेंढरं विकली गेली. आबांचं घोंगडं तेवढं तिनं पेटीत ठेवलं होतं. त्या दिवशी ते घोडीच्या पाठीवर राहिलं होतं.

आणि आता ही माणसं. समुद्रवाल्या बाईंना एका दुपारी ऊन लागलं, चक्कर आली, आणि जवळ घर होतं ते आमचंच. मला चरफडत का होईना, त्यांना आणावं लागलं. आईनं त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, ताक दिलं, आणि विचारलं, "तुमी काय करता, बाई?"

"मी समुद्राचा अभ्यास करते, मावशी."

मी आईकडे बघितलं. तिच्या हातातलं तांब्याभांडं तसंच राहिलं. मी विषय बदलायला गेले, तर तिनं मला हातानं गप्प केलं.

"मग सांगा मला. खाडीत पाऊस न्हाय, वादळ न्हाय, तरी पूर कसा येतो?"

बाईंना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. त्या उठून बसल्या आणि शाळेतल्या बाई समजावतात तसं आपुलकीनं सांगू लागल्या. तो पूर नसतो, भरती असते. समुद्राचं पाणी आत येतं आणि परत जातं, जाताना सापडेल ते खोल समुद्रात ओढून नेतं.

"एकदाच ना?"

"नाही मावशी. दिवसातून दोनदा. पाऊस असो नसो."

"रोज?"

"रोज."

"अजून येतंय?"

"आत्तासुद्धा येत असेल."

इतक्या वर्षांत भरती म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही शाळेत शिकले होते, पण पुस्तकातली ती ओळ आणि माझा बाप यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती. मला त्या बाईंचा संताप आला. त्यांची चूक नव्हती, तरी आला. चुलत्यांना, भावकीला जे जमलं नाही, ते त्या ताक पिता पिता करून बसल्या होत्या.

आई भिंतीला टेकून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज दोनदा येतंय. एवढ्या बाऱ्या आलं आन् एकदाबी त्यांना घेऊन आलं न्हाय."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी बाहेर जाऊन रडले.

संध्याकाळी आई स्वतः चुलत्यांच्या दारात गेली आणि पळसाची पानं आणायला सांगून आली. बाकीचं भावकीनं केलं. नीरेच्या काठावर पुतळा मांडला, माणसाच्या मापाचा. आईनं पेटीतलं घोंगडं काढून त्याच्यावर पांघरलं. चुलत्यांनी अग्नी दिला. पानं चटकन पेटली, लाकडंही पेटली, पण घोंगडं काही जाळ धरेना. लोकर नुसती धुमसत राहिली, करपलेल्या केसांचा वास सगळीकडे पसरला. चुलते काठीनं ते पुन्हा पुन्हा उलटत होते.

ते घोंगडं इतकी वर्षं पेटीत कोरडं होतं. आईचं कपाळ तेव्हा मोकळं होतं, मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ती जाळाकडे बघत म्हणाली, "अजून वल्लंच हाय."